सिक्स्टनचं घरभाडं

"फोन लाव," सिक्स्टन म्हणाले. "कुणाचंही नाव सांग. पंतप्रधानाचं सांग, नाहीतर तुझ्या साहेबिणीचं सांग. बाई, तू कोण आणि तुला हे कशाला हवंय, असं विचारणारसुद्धा नाहीत."

मी त्यांच्या डाव्या पायात मोजा चढवत होते. पायाला सूज येऊ नये म्हणून घालायचे घट्ट मोजे असतात ते. रबरी हातमोजे घालून टाचेपासून बोट-बोट वर सरकवत न्यावे लागतात. घाई केली की घडी पडते आणि दिवसभर पायात रुतते.

"खरंच कुणाचंही उत्पन्न सांगतात?"

"कुणाचंही. करखात्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. माझी अनिता दरवर्षी फोन करून आमच्या मेव्हण्याचं विचारायची."

विषय मीच काढला होता. आदल्या दिवशी त्यांना म्हटलं होतं, आमच्या इचलकरंजीत लोक सांगतात, स्वीडनमध्ये गरीब-श्रीमंत असा भेदच नाही. खरं का? त्यावर ते काहीच बोलले नव्हते. रात्रभर विचार करून सकाळी हे उत्तर तयार ठेवलं होतं.

दुसरा मोजा चढवला, कॉफी उकळत ठेवली आणि फोन लावला. आमच्या केंद्राची प्रमुख कमिला, तिचं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने मिनिटभरात तिचं वर्षाचं उत्पन्न वाचून दाखवलं, आणखी काही हवं का विचारलं, शुभ दिवस म्हणाला आणि ठेवला. मी मनात हिशेब केला. कमिलाच्या हाताखाली साठ माणसं, आणि तिचा पगार माझ्या दीडपटही नव्हता. मी मिरजेला नर्स होते तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांचं एका दिवसाचं उत्पन्न आयाबाईच्या महिन्याच्या पगाराएवढं होतं, आणि ते कुणी कुणाला सांगत नसे.

"झालं समाधान?" सिक्स्टननी विचारलं.

"झालं."

"हं," ते म्हणाले, आणि वेलचीचा पाव कॉफीत बुडवून खाऊ लागले. त्यांच्या त्या 'हं'मध्ये काहीतरी राखून ठेवलेलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

ही दोन हजार बाराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझे यजमान अभिनंदन तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर होते आणि मी त्यांच्या मागून गेले होते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक बंदराचं शहर. नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून हयात आहेत. माझं नर्सिंगचं शिक्षण तिथे मानलं जायला भाषेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. तोवर मी नगरपालिकेच्या घरपोच सेवेत काम धरलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, उठवायचं, मोजे घालायचे, नाश्ता द्यायचा, औषधं घेतली का बघायचं आणि पुढच्या घरी जायचं. कुणाला किती मिनिटं, ते फोनवर आलेलं असे. सिक्स्टनना पंचवीस मिनिटं होती.

तिथे सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात. मंत्र्याला तू, डॉक्टरला तू, ऐंशी वर्षांच्या माणसालाही तू. पहिले सहा महिने माझी जीभ रेटत नव्हती. नंतर बोलायला शिकले, पण मनात अहो-जाहो चालूच राहिलं. म्हणून आमचं बोलणं इथे जसं झालं तसं 'तू'नेच सांगते. एरवी मला ते जमायचं नाही.

सिक्स्टन एकोणऐंशी वर्षांचे. जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डर होते; गोदी बंद पडल्यावर शाळेत शिपाई झाले. नदीच्या उत्तरेला, कामगारांसाठी बांधलेल्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. एक्केचाळीस वर्षं तेच घर. बायको अनिता चार वर्षांपूर्वी गेलेली. डोळ्यांना मधलं दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे, म्हणून माणसाशी बोलताना ते किंचित दुसरीकडे बघायचे.

त्यांच्याकडून निघाले की मी बसने नदी ओलांडून मॅर्टाबाईंकडे जायची. त्या ब्याऐंशीच्या. समुद्रात घुसलेल्या खडकावर त्यांचं घर होतं. समुद्राच्या बाजूला चौदा खिडक्या. पहिल्या दिवशीच मोजल्या होत्या मी. भिंतीवर जुनी तैलचित्रं, खाली स्वतःचा धक्का आणि होडीची खोली. पण बाईंच्या स्वेटरच्या कोपराला रफू केलेलं असे, आणि थंडीत त्या दोनच खोल्या गरम ठेवायच्या. त्यांनाही तेच मोजे, त्याच कंपनीचे, त्याच खाकी रंगाचे. नगरपालिकेची तीच पंचवीस मिनिटं. आणि त्याबद्दल जी फी भरायची ती दोघांची जवळपास सारखीच, कारण कायद्याने फीला वरची मर्यादा होती. याचंच मला मोठं कौतुक वाटायचं. अशा घरची बाई आमच्याकडे चार नोकर ठेवते. इथे ती सिक्स्टनसारखीच माझी वाट बघत बसते आणि मला उशीर झाला तर तितकीच चिडते.

मॅर्टाबाईंना प्रश्न फार. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही, हे कळल्यावर त्या चमच्यासकट थांबल्या.

"म्हणजे डिसेंबरमध्ये तू साडेतीनला रात्रीचं जेवण करतेस?"

"पहिल्या वर्षी केलं. मग सासूबाईंनीच फोनवर सांगितलं, तिकडचा सूर्य धरू नका, इकडचा धरा."

"इकडचा म्हणजे भारतातला? तो तर आणखी आधी मावळतो!"

हे ना माझ्या लक्षात आलं होतं, ना सासूबाईंच्या. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तर करखात्याला फोन केला त्याच दुपारी बसस्टॉपवर उभी असताना माझ्या मनात आलं, मॅर्टाबाईंचं विचारून बघावं का? बरं नव्हे हे, असंही वाटलं. पण उत्सुकता वाईट. फोन लावला. पलीकडच्या बाईने आकडा सांगितला. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितला. सिक्स्टनच्या पेन्शनपेक्षा जेमतेम थोडा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मी सिक्स्टनना विचारलं. नाव घेतलं नाही. एकाकडचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

"एक बाई आहे. घर शाळेएवढं. आणि उत्पन्न तुझ्याएवढंच. असं कसं?"

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "उत्पन्न म्हणजे नळाला येतं ते पाणी. ते सगळ्यांचं मोजतात, माझंही आणि तिचंही. पण तिच्या घरामागे तळं असेल, त्याचं कोण विचारतं? पूर्वी तळ्यावरही कर होता. पाच वर्षांपूर्वी काढला. त्याच्या आधी वारशावरचा काढला. तळं कंपनीच्या नावावर ठेवायचं आणि लागेल तेवढंच घरी आणायचं. बेकायदा काही नाही हं त्यात."

"मग तुला राग नाही येत?"

"माझ्या नळाला पाणी आहे," ते म्हणाले. "असेपर्यंत नाही येत."

एप्रिलमध्ये पत्र आलं.

त्यांचं टपाल मीच वाचून दाखवायची. ते जाड कागदावर होतं, वर कोपऱ्यात निळ्या शाईत एका समुद्रपक्ष्याचं चिन्ह आणि 'विंटरशेर' हे नाव. इमारतीच्या जुन्या मालकाकडून वर्षापूर्वी या कंपनीने ती विकत घेतली होती. पत्राची भाषा फार गोड होती. तुमच्या सोयीसाठी नळाच्या वाहिन्या बदलणार, नवं स्वयंपाकघर, नवं न्हाणीघर, नवी फरशी. सहा महिने तुमची दुसरीकडे सोय करू. परत आल्यावर भाडं इतकं असेल.

मी आकडा वाचला.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचला. भाडं दीडपटीच्या वर चाललं होतं. पेन्शनरांना सरकार भाड्यात मदत करतं, पण तीही एका मर्यादेपर्यंत. हा आकडा त्या मर्यादेच्या बराच वर होता.

सिक्स्टन टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझं स्वयंपाकघर चांगलं आहे. अनिताने रंग दिलाय त्याला."

त्या दिवशी पाव तसाच राहिला.

मी मॅर्टाबाईंकडे पोहोचले तेव्हा डोक्यात तेच होतं. कॉफीची किटली टेबलावर ठेवली. टेबलाला चटका बसू नये म्हणून बाई तिच्याखाली काहीतरी जाड ठेवायच्या, रोज तेच. त्या दिवशी ते उचलून पुसायला घेतलं. कंपनीचा वार्षिक अहवाल होता. कव्हरवर कॉफीच्या किटलीचे गोल डाग आणि त्यांच्या मधोमध निळा समुद्रपक्षी.

संध्याकाळी अभिनंदनना सांगितलं. त्यांनी सरळ सल्ला दिला, "गप्प बस. दोघांच्याही घरातलं तू बाहेर बोललीस तर नोकरी जाईल, आणि उद्या नर्सचा परवाना मागायला गेलीस की हेच कागदावर येईल." बरोबर होतं त्यांचं. मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी मॅर्टाबाईंनीच विचारलं, "तू हल्ली बोलत नाहीस. भारतात काही झालं का?"

आणि मी सांगून टाकलं. सिक्स्टनचं नाव, घर, पत्र, आकडा, सगळं.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कुठला रस्ता?"

मी सांगितला.

"आमचं तिथे काही आहे, हे मला माहीत नव्हतं. नवरा गेल्यापासून मुलं बघतात. वर्षातून एकदा मी सही करते." त्यांनी अहवाल हातात घेतला, चष्म्याशिवायच पानं उलटली आणि खाली ठेवला. "मला ते घर बघायचंय. नेशील?"

मला आनंद झाला. आता सगळं मार्गी लागेल, असंच वाटलं. सिक्स्टनना मी एवढंच सांगितलं की रविवारी माझी सुट्टी आहे, ज्यांची ही इमारत आहे त्या बाई भेटायला येऊ म्हणतात, घेऊन येऊ का. ते म्हणाले, "कॉफीला कुणाला नाही म्हणू नये."

रविवारी अकराला आम्ही टॅक्सीने गेलो. सिक्स्टननी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कप मांडून ठेवले होते, बेकरीतून वेलचीचे पाव आणले होते. मॅर्टाबाई काठी टेकत आत आल्या, हात मिळवला, आणि मग दोन्ही खोल्या नीट बघितल्या. स्वयंपाकघराची कपाटं फिकट पिवळी होती. त्यांनी एक दार उघडून बंद केलं.

"छान लागतंय दार," त्या म्हणाल्या.

"बिजागरी मी बदललीय. ब्याण्णव साली."

पहिला अर्धा तास मजेत गेला. दोघांच्या पायांत तेच मोजे. सकाळी ते चढवणारी मुलगीही तीच. मी रजेवर असले की बदली येणारा माणूस कसा घोटा आवळतो, यावर दोघांचं एकमत झालं. सिक्स्टननी गोदीतल्या गमती सांगितल्या. बाईंनी सांगितलं, त्या अकरा वर्षांच्या असताना एका जहाजाच्या जलावतरणाला त्यांनी रेशमी झगा घातला होता आणि थंडीने दात वाजत होते. सिक्स्टन म्हणाले, "आम्हाला जहाजाच्या पोटात घाम फुटायचा." यावरही दोघं हसले. मला वाटलं, केवढी गंमत आहे, ही दोन माणसं एकाच गावात ऐंशी वर्षं जगली आणि आज भेटली.

मग मॅर्टाबाईंनी कप खाली ठेवला.

"सिक्स्टन, मी मुलाशी बोलेन. तुझ्या घराला हात लावणार नाहीत. तू आहेस तोपर्यंत भाडं आहे तेच राहील. मी शब्द देते."

मी सिक्स्टनकडे बघितलं. माझा चेहरा नक्की फुलला असणार.

ते खिडकीकडे बघत होते, म्हणजे खरं तर बाईंकडे.

"वरच्या मजल्यावर हमदी आहे," ते म्हणाले. "सोमालियाची. चार मुलं आहेत, रुग्णालयात सफाई करते. तिचं?"

"तिला मी ओळखत नाही."

"मलाही आज सकाळपर्यंत ओळखत नव्हतीस. खाली बेरित आहे. अठ्ठेचाळीस घरं आहेत."

"अठ्ठेचाळीस घरांचं माझ्या हातात नाही. मुलं ऐकणार नाहीत. एकाचं होऊ शकतं. एकाचं मी करू शकते."

"ते कळलं मला," सिक्स्टन म्हणाले. "नको."

सिक्स्टनना नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी म्हटलं, "ती म्हणतेय की तुझं भाडं..."

"मी बहिरा नाही, वासंती." आवाज चढला नव्हता. "गोदी बंद झाली तेव्हा मी आठ महिने घरी होतो. पैसे यायचे. अनिता तीन वर्षं आजारी होती, किती ऑपरेशनं झाली. तू रोज येऊन माझे पाय धरतेस. या सगळ्याबद्दल मला कधी कुणासमोर मान खाली घालावी लागली नाही. मी पन्नास वर्षं कर भरला, माझं होतं ते मला मिळालं. कॉफी दिली तर धन्यवाद म्हणतो मी, रस्ता सांगितला तरी म्हणतो. पण घरात राहू दिलं म्हणून कुणाला म्हणायचं, हे या वयात मला शिकायचं नाही."

"मी उपकार म्हणून करत नाहीये," मॅर्टाबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवर लाल ठिपके उठले होते.

"मग काय म्हणून?"

"तू मला आवडलास म्हणून."

"तेच तर," सिक्स्टन म्हणाले. "उद्या नाही आवडलो तर?"

वरच्या मजल्यावर मुलं धावत होती, छत थरथरत होतं. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली, आणि मी नीट दिसावी म्हणून किंचित बाजूला बघत विचारलं, "माझ्यासाठी हिच्याकडे काही मागायचं म्हणून आणलंस हिला?"

मी कप उचलून बेसिनमध्ये नेले. सुट्टीचा दिवस होता, कप धुणं माझं काम नव्हतं, तरी धुतले.

परतीच्या टॅक्सीत नदीवरचा पूल आल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी काय चुकीचं बोलले, वासंती? खरं सांग. मी मनापासून बोलले होते."

"मनापासूनच होतं," मी म्हटलं. आणि मग जे मी अभिनंदननाही कधी धड सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला, तिच्या भाषेत, अडखळत सांगितलं.

माझे आप्पा मागावर कामाला होते. बाबूशेठच्या शेडमध्ये चोवीस माग, त्यातले सहा आप्पांकडे. मी नऊ वर्षांची असताना आईच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन करायचं, खर्च आवाक्याबाहेरचा. शेडमधले दिवाणजी आप्पांना म्हणाले, चल, मी शेठकडे घेऊन जातो, तुझ्याबद्दल चांगलं सांगतो. बाबूशेठनी सगळा खर्च दिला. एका शब्दाने मागे-पुढे केलं नाही. आई वाचली. त्यानंतर दर दिवाळीला आम्ही चौघं शेठच्या बंगल्यावर पाया पडायला जायचो. शेठच्या मुलीच्या लग्नात आईने तीन दिवस भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं, पण नाही कसं म्हणायचं? दोन वर्षांनी मजुरीवाढीसाठी संप झाला. सगळी शेड बाहेर रस्त्यावर बसली. आप्पा घरी बसले. संपात जाता येईना आणि कामावरही जाता येईना. तेवीस दिवस ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. पुढे गल्लीतले लोक बोलायला लागले, पण पूर्वीसारखं कधीच नाही.

"शेठ चांगले होते," मी म्हटलं. "दिवाणजीही चांगले होते. आज सकाळी मी दिवाणजी झाले होते, आणि मला खूप छान वाटत होतं."

मॅर्टाबाई काचेतून बाहेर बघत होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना काय हवं होतं?"

"आई वाचायला हवी होती."

"ते झालंच. त्यांना स्वतःला काय हवं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी मी स्वतःच कमिलाला सगळं सांगितलं. ओरडली नाही ती. कागदावर ताकीद लिहिली, मला सही करायला लावली आणि ती दोन्ही घरं माझ्याकडून काढून घेतली. "तू वाईट हेतूने केलं नाहीस, मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण नियम हेतू बघत नाहीत, म्हणूनच ते सगळ्यांना सारखे लागतात." आदल्या आठवड्यात हे वाक्य मला रुक्ष वाटलं असतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. भाडेकरूंच्या संघटनेने मालकाविरुद्ध दाद मागितली. मॅर्टाबाई अकरा वर्षांनी पहिल्यांदा कंपनीच्या बैठकीत जाऊन बसल्या. त्यांची मागणी होती, दुरुस्ती किती करायची ते प्रत्येक भाडेकरूने ठरवावं. नुसत्या वाहिन्या बदलायच्या असतील त्याचं भाडं थोडंच वाढावं. दोन्ही मुलं विरुद्ध गेली. बाईंनी वर्षाच्या कागदावर सही करायचं नाकारलं. चार महिने वकिलांची पत्रं फिरली आणि शेवटी अर्धंमुर्धं पदरात पडलं: स्वयंपाकघर नको असेल त्याला नको म्हणता येईल, आणि वाढ पाच वर्षांत हळूहळू होईल. अठ्ठेचाळीसपैकी अकरा कुटुंबं तरीही गेली. हमदी राहिली. सिक्स्टनही राहिले, पिवळ्या स्वयंपाकघरात, थोडं जास्त भाडं भरून. दोन वर्षांनी ते तिथेच वारले. एका शनिवारी बाजारात मी त्यांना भेटले होते तेव्हा त्यांनी मॅर्टाबाईंचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "नवा मुलगा घोटा आवळतो. तक्रार केलीय मी."

मी आज तिथल्याच एका रुग्णालयात नर्स आहे. ताकिदीचा कागद परवान्याच्या आड आला नाही.

पण टॅक्सीतला तो प्रश्न सुटत नव्हता. त्याच डिसेंबरमध्ये इचलकरंजीला गेले. एके दुपारी आप्पा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये मागांची खटखट चालू होती. मी शेजारी बसले, मूठभर शेंगा घेतल्या.

"आप्पा, आईच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बाबूशेठकडे गेलात, तेव्हा नेमकं काय बोलला होतात?"

त्यांचे हात थांबले. चोवीस वर्षांत या विषयावर घरात कुणी शब्द काढला नव्हता.

"कशाला आता ते?"

"असंच. मला जाणून घ्यायचंय."

"मी मी म्हणणारे अडकतात तशा वेळी," आई आतून म्हणाली. "शेठमुळं जगले मी. देवमाणूस होता."

"होता की," आप्पा म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय?" ते शेंगांच्या टरफलांत बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलले.

"मी उसने मागायला गेलो होतो गं. कागद लिहून नेला होता. महिन्याला पगारातनं किती कापायचे ते सगळं मांडलं होतं, सात वर्षांत फिटले असते. कागद पुढं केला. शेठनी तो वाचलाच नाही. हसले, घडी घातली, आणि माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाले, तुझ्याकडनं घ्यायचेत होय मी?"

"मग?"

"मग काय. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "सात वर्षंच होती फक्त. मी फेडले असते."